निघताना काय म्हणायचं

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून नोएडाला आलो, तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. हिंदी ती सोसायटीच्या बागेतल्या मुलांकडून शिकली, त्यामुळे 'अबे यार' आणि 'चल हट' सगळ्यांत आधी पक्कं झालं. मला त्याचीच काळजी वाटायची. घोळ मात्र अगदी सभ्य शब्दांनी झाला.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक वयस्कर बाई एकट्या राहायच्या. मूळच्या लखनौच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगी त्यांना दादी म्हणायची. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन चित्रं रंगवत बसायची आणि अंधार पडला की घरी यायची.

एकदा जेवणाच्या वेळी त्यांचा डबा परत द्यायला गेले, तर दार अर्धवट उघडं. टेबलावर दोन ताटं मांडलेली, पोळ्या फडक्यात गुंडाळलेल्या.

"कोई आनेवाला है क्या?" मी विचारलं.

"बिटिया कहकर गई है, 'दादी, मैं आती हूँ'," त्या म्हणाल्या. "रोज़ कहती है, फिर भूल जाती है। बच्ची है।"

मला आधी उलगडाच होईना. मग लक्षात आलं, पोर आपलं 'येते'च हिंदीत म्हणत होती. आपल्याकडे कुणाच्या घरून निघताना 'जाते' कोण म्हणतं? आणि या बाई ते शब्द खरे मानून दार उघडं ठेवून बसत होत्या. मुलगी तर घरी वरणभात खाऊन पेंगायला लागली होती.

मी त्यांना सगळं समजावलं. त्या खूप हसल्या. मग दुसरं ताट उचलायला लागल्या. ते मला बघवेना. मी घरी फोन करून सांगितलं आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी मुलीला म्हटलं, "दादींकडून निघताना 'चलती हूँ' म्हणायचं."

"म्हणजे जाते?"

"हो, तसंच."

"पण आजी म्हणते, जाते म्हणायचं नसतं."

"ते मराठीत गं."

"हिंदीत म्हटलं तर दादीला काही होणार नाही ना?"

नाही होणार, असं मी सांगितलं, पण तिला ते पटलं नसावं. त्यानंतर ती समोर जायचीच बंद झाली. शेवटी दादीच आमच्याकडे आल्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा तिने फरशीकडे बघत सगळं सांगून टाकलं. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"तो 'चलती हूँ' मत कहो," त्या म्हणाल्या. "तुम ही बताओ, क्या कहोगी?"

मुलीने बराच विचार केला. "मैं कल आती हूँ।"

"बस, यही ठीक है।"

"और पुणे जाऊँगी तब?"

"तब कहना, फिर आऊँगी।"

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. चपला घालून ती त्यांच्याबरोबरच निघाली.

पुढे तिला सगळं आपोआप जमत गेलं. बागेत "चल यार, निकलती हूँ", दादींकडे "कल आती हूँ", फोनवर आजीला "ठेवते हं". यातलं मी काहीच शिकवलं नव्हतं. स्वयंपाकघरातून नुसती ऐकत असायचे.

माझं हिंदी मात्र होतं तिथेच राहिलं. मध्यंतरी लिफ्टमध्ये एका वयस्कर गृहस्थांना मी सहज विचारलं, "तुम कौनसे माले पे जायेगा?" ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात मुलगी पुढे झाली.

"अंकल, आप कौन-से फ्लोर पर जाएँगे?"

त्यांनी मजला सांगितला, तिने बटण दाबलं. ते उतरून गेल्यावर तिने माझा हात धरला.

"आई, तू वाईट नाही बोललीस," ती हळूच म्हणाली. "फक्त इथे तसं नाही म्हणत."