तलवार उपसली की बगल बघायची

आमच्या कंपूबरोबर ऐतिहासिक पिक्चरला कुणी येऊ नये. घरचे तर केव्हाच यायचे बंद झालेत. एक पिक्चर बघून आलो की दोन-चार किस्से पदरात पडलेले असतात, आणि सांगायला बसलं की एकातनं दुसरा निघतो. बायको म्हणते, "अहो, पिक्चरची स्टोरी सांगा की एकदा!" आता स्टोरी कुणी बघितलीय?

कंपू म्हणजे चौघंच. मी युनिफॉर्मवाला, शाळेचे शर्ट-पँट शिवून घेतो आणि विकतो. मल्लूअण्णा आमच्या पेठेतले सगळ्यात जुने जेन्ट्स टेलर. दुकान मुलाकडं दिलंय, पण कात्री अजून सोडलेली नाही. रफिकभाई शेरवानीवाला, अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. आणि नरसय्या, मागावर जन्म घालवलेला विणकर.

नवीन ऐतिहासिक पिक्चर लागला की पहिल्या शोला आम्ही हजर. अण्णांचा नियम एकच. "हिरोचं तोंड बगू नका. तलवार उपसली की बगल बगायची!"

बगल चुकीची कापली असली की हात वर जाताना अख्खा अंगरखा वर चढतो. एवढे मोठे शूरवीर, आणि आरोळी ठोकली की बेंबी बाहेर! अण्णा लगेच कपाळाला हात लावतात.

* * *

बाराबंदीच्या बाबतीत तर सोलापूरकराला फसवायचंच नाही. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा इथं निम्मं गाव पांढऱ्या बाराबंदीत फिरतं. अण्णांनी तरुणपणी बाराबंदी घालून यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे ती भलीमोठी उंच काठी, पेललाय. ती अंगावर कशी राहते आणि कुठं काचते, हे त्यांना पुस्तकातनं शिकायची गरज नाही.

एका पिक्चरमध्ये लढाईच्या आधी हिरो देवीपुढं हात जोडून उभा. कॅमेरा पाठीमागं. घंटेचा आवाज, सकाळचं ऊन, थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या उन्हात हिरोच्या पाठीवर मानेपासून कंबरेपर्यंत चेन चमकली! पुढं बाराच्या बारा बंद, अगदी फुलासारख्या गाठी मारलेले. ते सगळे नुसते शोभेचे!

"एनप्पा!" अण्णा ओरडले. "स्वराज्यात चेन कुटनं आणली बे?"

पुढच्या रांगेतला पोरगा वळून म्हणाला, "आजोबा, जरा हळू की!"

अण्णा म्हणाले, "मी हळूच बोललो रे बाबा. चेनच मोठ्यानं दिसायलीय!"

* * *

नरसय्या शिवणीकडं बघतच नाही. त्याची नजर कापडावर. पडदा केवढा लांब, पण हा माणूस सूत ओळखतो.

एकदा फार करुण सीन होता. म्हातारी आई, मोहिमेवर निघालेला पोरगा, गावातली सगळी पोरं वेशीवर रांगेत उभी. बायका पदर डोळ्याला लावून बसलेल्या. बघतो तर नरसय्याच्या पण डोळ्यात पाणी! मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी माणूस आमच्यात पिक्चर बघायला आलाय.

हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "नरसय्या, आई आठवली काय?"

"आई न्हाय हो," तो म्हणाला. "ती पोरं बघा की. एवढ्या उन्हात उभी केलीत, आणि अंगात सगळं पॉलिस्टर! अय्यो, किती घामोळं उठलं असेल!"

* * *

आता माझी फजिती पण सांगतो, नाहीतर म्हणाल, हा दुसऱ्यांचंच सांगतो.

एका पिक्चरमध्ये डोंगरावरनं हजारो मावळे खाली येतात. अंगावर काटा यावा असा सीन. पण मी युनिफॉर्मवाला ना! मला दिसलं की सगळ्यांचे सदरे एका साइजचे. किडमिड्या मावळ्याचा गुडघ्याच्या खाली, पैलवान मावळ्याचा पोटावर ताणलेला. एका दमात माल उचलून वाटून टाकलेला!

घरी आलो ते तणतणतच. "अगं, काय हा कारभार! माणसाचं माप घ्यायला नको? हातभर बाह्या लोंबतायत, आणि त्या हातानं तलवार चालवायची म्हणे!"

बायको भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "वाढत्या अंगाचं घेतलं असेल. तुम्ही आयांना तसंच सांगता की!"

* * *

रफिकभाईचा मामला वेगळा. त्याला दरबार लागतो. बादशहा आला, झुंबरं आली, की हा खुर्चीत पुढं सरकून बसतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती त्यानंच मला शिकवली. जुन्या काळी जामा घालायचे, त्याचे बंद मुसलमान उजव्या काखेखाली बांधायचे आणि हिंदू डाव्या. कापड तेच, घेर तोच, फक्त गाठीची बाजू वेगळी. दरबारात माणूस लांबनं ओळखू यायचा.

तर पिक्चरमध्ये बादशहाचं गाणं चालू झालं. पहिल्या कडव्याला गाठ उजवीकडं. रफिक खूष! "वाह, पढा-लिखा टेलर है." दुसऱ्या कडव्याला गाठ गेली डावीकडं. शूटिंग दोन वेगळ्या दिवशी झालं असणार आणि कुणाच्या लक्षात राहिलं नसणार. मी म्हटलं, आता हा चिडतोय.

रफिक चिडला नाही. अण्णांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "गाना चालू हुआ तब बादशा हमारा था. खतम होते तलक तुमारा हो गया, अण्णा!"

अण्णा इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

* * *

ह्या पिक्चरचा त्रास थिएटरातच संपत नाही. मोडनिंबचा एक नवरदेव अण्णांच्या दुकानात आला. मोबाइलवर हिरोचा फोटो. "मला लग्नात सेम असाच अंगरखा पायजे. असाच बसला पायजे."

अण्णांनी चष्मा लावून फोटो बघितला, मग पोराकडं बघितलं, मग परत फोटो.

"बसंल की. पर ह्या हिरोचं पोट आत हाय, आन् तुजं भायेर."

"लग्नापर्यंत जाईल आत. जिम लावलीय."

"लगीन कवा हाय?"

"ह्या रविवारी."

अण्णा मुलाला म्हणाले, "कापड जास्तीचं धर रे."

* * *

आता हा शेवटचा. हा सांगताना मला अजून भरून येतं, तेव्हा मध्ये कुणी बोलू नका.

अण्णांनी रफिकला शिवण शिकवलं, पण कधी चांगलं म्हणाले नाहीत. रफिकची दाढी पांढरी झाली, पार बार्शीहून लोक त्याच्याकडं शेरवानी शिवायला येतात. तरी दर ईदला आपलं सगळ्यात चांगलं काम घेऊन तो अण्णांकडं जातो. अण्णा कापड उलटं करतात, बगल बघतात, घडी घालून परत देतात आणि म्हणतात, "शिरखुर्मा कुटाय?" झालं! एकदा चहा पिताना रफिक मला म्हणाला, "सारी दुनिया अच्छा बोलती, भाई. एक अण्णा नै बोलते. वो एक बार बोले तो बस."

मग काय झालं, मुंबईचे पिक्चरवाले सोलापुरात कापड घ्यायला आले. त्यांनी रफिकचं काम बघितलं आणि एका सरदाराचा अंगरखा त्याच्याकडं शिवायला दिला. "सरदाराचा रोल मोठा आहे" म्हणाले. रफिकनं मशीनला हात लावला नाही, सगळा हातानं शिवला. अण्णांना दाखवला पण नाही. म्हणाला, "परदे पेच दिखाऊंगा."

पिक्चर लागला. रफिकचं अख्खं खानदान आलं, एरवी न येणाऱ्या आमच्या बायका पण आल्या. इंटरव्हल झालं तरी सरदाराचा पत्ता नाही! रफिकच्या हातातला समोसा गार झाला. नरसय्या त्याला म्हणाला, "मोठी माणसं लास्टलाच येतात हो."

मग लढाई लागली आणि संपली. रणांगणात मुडदेच मुडदे. आणि त्यात, मातीत पालथा पडलेला आमचा सरदार! तोंडसुद्धा दिसेना.

"दादा, वो देखो तुमारा!" रफिकची नात ओरडली.

रफिकनं मान खाली घातली. पिक्चरवाल्यांना चार शिव्या द्याव्यात असं वाटलं. एवढ्या जिवानं शिवलेला अंगरखा, आणि तो असा धुळीत!

तेवढ्यात पडद्यावर एक शिपाई आला. त्यानं सरदाराला उचललं आणि खांद्यावर टाकलं. सरदाराचे दोन्ही हात डोक्याच्या पलीकडं लोंबायला लागले. तरी अंगरखा जागचा हलला नाही. पाठीवर एक चुणी पडली नाही.

आणि अण्णा उठून उभे राहिले. गुडघे दुखतात म्हणून देवळात पण खुर्ची मागणारा माणूस! पुढच्या सीटला धरून सरळ उभे. डोळ्यांतनं घळाघळा पाणी, आणि नजर पडद्यावर. शिपाई त्या मुडद्याला घेऊन चालतोय, चालतोय, आणि अण्णा काही बसेनात.

मागनं आरडाओरडा सुरू झाला. "ओ आजोबा, खाली बसा की! मेलेला कोण लागतो काय तुमचा?"

अण्णा मागं वळले.

"मेलेला न्हाय बे," ते म्हणाले. "शिवणारा लागतो!"