आधी बॅनर, मग बेचाळीस किलोमीटर

रोज पहाटे पळून वजन किती कमी होतं हा वादाचा विषय आहे. आमचं तरी झालं नाही. किस्से मात्र भरपूर जमले, आणि ते कुणाला सांगितल्याशिवाय पोटात राहत नाहीत!

आमचा ग्रुप अंबाजोगाईचा. कॉलेजात शिकवणारा मी, बी-बियाणं अन् फवारणीच्या औषधांचं दुकान चालवणारे बप्पा, आणि त्यांचे शाळेपासूनचे मित्र अण्णा. अण्णांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवंय, त्यामुळे ते सगळ्याच ग्रुपमध्ये असतात! आम्हाला पहिल्या मॅरेथॉनसाठी तयार करायचा विडा डॉक्टर मॅडमनी उचलला होता. हुशार बाई, पण माणसं ओळखण्यात फसल्या.

* * *

मॅडमचा पहिला नियम, नवे बूट सरावातच घालून रुळवून घ्यायचे. शर्यतीच्या दिवशी नवे बूट घातले की पायाला फोड आलेच म्हणून समजा.

अण्णांनी महागडे बूट आणले, हळदी-कुंकू लावून त्यांची पूजा केली आणि परत खोक्यात ठेवून दिले. सराव चपलेवर!

मॅडमनी डोक्याला हात लावला. अण्णा म्हणाले, "मॅडम, नवी गाडी घेतली की कुणी आधी नांगरटीत घालतं व्हय?"

शेवटच्या आठवड्यात विश्रांती घ्या, असाही एक नियम होता. तो मात्र अण्णांनी पहिल्या दिवसापासून काटेकोर पाळला.

* * *

दुसरा नियम वेगाचा. सोबतच्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं, म्हणजे दम टिकतो.

बप्पांना हा नियम फारच आवडला. परळी रोडला दर फर्लांगावर त्यांचं एखादं गिऱ्हाईक भेटायचं. "बप्पा, बोंडअळी लई झालीय!" की बप्पा थांबलेच. कोणतं औषध, किती पाण्यात, सगळं सविस्तर. आम्ही पुढं जाऊन परत यायचो तरी बप्पा त्याच कपाशीच्या बांधावर!

मॅडम वैतागून म्हणाल्या, "बप्पा, बोलत पळायचं होतं!"

"मॅडम, बोलायचं तर झालं. पळायचं उद्या बघू!"

* * *

आता माझं. लांब पळायच्या आदल्या दिवशी साधं, सवयीचं जेवा, असं मॅडमनी बजावलं होतं. मी शिकलेला माणूस, त्यामुळे मला सगळं कळतं. शनिवारी एका जावळाच्या पंगतीत आग्रह झाला, आणि मटणाच्या रश्शापुढं मॅडम आठवल्या नाहीत.

रविवारी त्या मला रस्त्यावर शोधत होत्या. मी शेजारच्या उसात होतो. थोडं पळलो, पुन्हा उसात. पुन्हा थोडं पळलो, पुन्हा उसात!

शेवटी बप्पा बांधावरून ओरडले, "सर, मॅरेथॉन रस्त्यानं हाय, उसातून न्हाई!"

* * *

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण बप्पांसाठी प्रकरण गंभीर होतं. त्यांची सासुरवाडी तेलगावची. मेहुण्याच्या वरातीत बप्पांना दम लागला आणि ते बँडवाल्यांच्या टेम्पोत जाऊन बसले. तेव्हापासून तिकडं कुठलंही कार्य असलं की "आधी जावयांना खुर्ची द्या रे" हे ठरलेलं. बप्पा हसून बसायचे, पण ते त्यांना फार लागायचं. मॅरेथॉन पुरी करून तेलगावात ताठ मानेनं उभं राहायचं, एवढ्यासाठीच हा माणूस थंडीत उठत होता.

आणि शर्यतीला महिना असताना अण्णांनी तेलगावच्या चौकात भलंमोठं बॅनर लावलं, "मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" बप्पांचा फोटो पासपोर्टएवढा, अण्णांचा माणसाएवढा.

बप्पांचा चेहराच उतरला. "अजून पळलो कुठं बे मी?"

"उद्या आचारसंहिता लागली तर बॅनर लावता येईल व्हय? तू पळ सावकाश!"

मला खरंच बप्पांची दया आली. त्या दिवसापासून ते कपाशीपाशी थांबेनात. गिऱ्हाइकानं हाक मारली तरी लांबूनच ओरडायचे, "दुकानावर ये!"

* * *

शर्यतीच्या दिवशी ऊन लवकर तापलं. अण्णांच्या नव्या बुटांनी पहिल्या टप्प्यातच फोड आणले आणि ते थकलेल्यांना उचलणाऱ्या टेम्पोत जाऊन बसले. मी कसाबसा पोचलो. बप्पा सगळ्यांच्या मागं, पाय ओढत.

टेम्पो त्यांच्या शेजारी आला. अण्णांनी हात पुढं केला. "बस बे बप्पा. कुणाला कळतंय? बॅनर तर लागलंय!"

"त्या बॅनरपायीच पळतोय बे! सरक!"

बप्पा पोचले तेव्हा मांडववाले कमान उतरवत होते. मॅडमनी ओरडून त्यांना थांबवलं आणि अर्ध्या कमानीखालून बप्पा आत आले. गळ्यात मेडल पडलं तसे हमसून रडायला लागले. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले.

बप्पांनी आधी तेलगावला सासऱ्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"मामा, झालं! बेचाळीस किलोमीटर! एकदाबी गाडीत बसलो न्हाई!"

पलीकडून सासरे चक्रावून म्हणाले,

"परत पळाले? कावून, पाव्हणं? मागच्या महिन्यात झालतं की पळून! आमी गल्लीभर पेढे वाटले!"