अंतराळातला म्हातारा काय म्हणतो

दादा जपानहून परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत आईसाठी घडीची छत्री, बाबांसाठी एक छोटासा रेडिओ आणि माझ्यासाठी व्हिडिओ गेम होता. सातपूरच्या ज्या कारखान्यात तो इंजिनिअर होता, त्यांनी त्याला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला तिकडे पाठवलं होतं. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. गंगापूर रोडवर स्कूटीवरून पडल्यामुळे माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता आणि सहा आठवडे घरात बसायचं होतं.

"वेळ कसा जाईल कळणार नाही तुला," दादा म्हणाला.

पहिले चार दिवस ते यंत्र सुरूच झालं नाही. जपानी यंत्राला आपली वीज दुपटीहून जास्त पडते, म्हणून दादाने सातपूरच्या एका वाइंडिंगवाल्याकडून वीज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर करवून आणला. तो विटेएवढा जड होता आणि तापला की घुमायचा. मग टीव्हीवर चित्र आलं, ते काळं-पांढरं. आमच्या जुन्या रंगीत टीव्हीला जपानी रंग समजत नव्हते. दादाने मागची सगळी बटणं फिरवून पाहिली. शेवटी म्हणाला, "असू दे. गोष्ट महत्त्वाची."

मला वाटलं होतं, अंतराळयान असेल, समोरून शत्रू येतील, आपण धडाधड गोळ्या झाडू. मावशीकडच्या टीव्ही गेममध्ये तसंच असायचं. इथे काळोखात एक यान नुसतं तरंगत होतं. आत एक मुलगा काचेच्या पेटीत झोपलेला होता. तो उठला, चालायला लागला, आणि भेटेल तो माणूस त्याच्याशी बोलायला लागला. खाली चौकट उघडायची, तिच्यात टिकटिक करत एकेक जपानी अक्षर उमटायचं. बटण दाबलं की पुढची चौकट, परत दाबलं की आणखी एक. पहिला अर्धा तास मी फक्त हेच केलं. लढाई लागली तर त्यातही रांग! आपण एक फटका मारायचा, मागे सरकायचं आणि समोरचा राक्षस आपल्याला कधी मारतो याची वाट बघत उभं राहायचं. मी वैतागून रिमोट कॉटवर टाकला.

"हे काय आहे? गेम आहे की सभा?"

"अगं, हे वेगळ्या प्रकारचे असतात. गोष्ट कळली की मजा येते."

"मग सांग ना गोष्ट. तुला येतं ना जपानी?"

येतं, असं सगळ्या घराला माहीत होतं. फोनवर तो दर रविवारी सांगायचा, आता चांगलं बोलायला यायला लागलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने त्याला बायकांसमोर उभं करून जपानी बोलायला लावलं होतं. तो मिनिटभर घडाघडा काहीतरी बोलला, आणि समोरच्या काकू म्हणाल्या, "अगदी तिकडचाच वाटतो हो!"

दादा पहिल्या पाळीला जायचा आणि चारला कंपनीच्या बसने घरी यायचा. तोपर्यंत मी एकटी खेळायचे. यानात जिन्याशेजारी एक दाढीवाला म्हातारा उभा असे. पुढचं दार बंद होतं आणि त्याच्याशी बोललं की तो दर वेळी एकच वाक्य म्हणे. मी ते वाक्य वहीत चित्रासारखं उतरवून ठेवलं आणि संध्याकाळी दादाला विचारलं.

"सांभाळून जा, म्हणतोय," दादा चहा पिता पिता म्हणाला.

मी सांभाळून गेले. दार बंदच. शिवाय दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून करावं लागलं. खेळ जतन करायला यंत्राला एक कार्ड होतं. यानात एका खांबापाशी उभं राहिलं की प्रश्न यायचा आणि खाली दोन उत्तरं. दादाने सांगितलं होतं, खालचं दाबायचं. मी रोज खालचं दाबत होते आणि रोज सकाळी तो मुलगा पुन्हा काचेच्या पेटीत झोपलेला असायचा. रोज तीच सभा, तेच राक्षस, तोच म्हातारा. आठवडाभर मी हे केलं. कार्ड खराब आहे, असं म्हणून त्याला रुमालाने पुसत बसले.

मग एका संध्याकाळी मी मुद्दाम वही पुढे करून तेच वाक्य परत विचारलं.

"या, स्वागत आहे, असं काहीतरी," दादा म्हणाला.

 दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर लंगडत त्याच्या खोलीत गेले आणि कपाटावरची बॅग काढली. तळाशी इंग्रजीतून जपानी शिकवणारं एक पुस्तक होतं, कंपनीने दिलेलं. ते कोरं करकरीत होतं. उघडलं तर पाठीतून कटकन आवाज आला. पहिल्याच धड्यात, पहिल्याच ओळीत दोन शब्द होते, हो आणि नाही. त्या खांबापाशी मी रोज दाबत होते ते 'नाही' होतं.

चार वाजता दादा आला तेव्हा मी पुस्तक मांडीवर घेऊनच बसले होते. आई शेजारी मटार सोलत होती.

"हाय म्हणजे हो. हे तुला माहीत नव्हतं?"

"बोलताना माहीत होतं," तो बूट काढता काढता थांबला. "लिहिलेलं कधी वाचलं नाही."

"सहा महिन्यांत?"

"नाही."

"मग फोनवर काय सांगत होतास? आणि मला अर्थ कुठून सांगत होतास? आठ दिवस माझे फुकट गेले!"

तो खुर्चीत बसला.  दुसरा बूट तसाच पायात ठेवून सांगायला लागला. कारखान्यात सगळे हाताने दाखवायचे, हे उचल, ते फिरव. जेवताना त्याच्या टेबलावर कोणी बसायचं नाही. वाईट नव्हते ते, बुजायचे. होस्टेलवर खोलीत एकटा. रविवारी स्टेशनजवळ एक मोठं दुकान होतं, तिथे हा गेम लावून ठेवलेला असायचा, कोणीही उभं राहून खेळावं. तो तासन्‌तास तिथे उभा राहायचा.

"काही कळायचं नाही. पण त्यातली माणसं आपल्याकडे तोंड करून बोलायची गं," तो म्हणाला. "दिवसभरात तेवढंच कोणीतरी बोलायचं."

माझा राग एकदम गेला असं नाही. पण मी पुस्तक मिटलं.

आईचा हात मटारात तसाच राहिला होता. "मग त्या दिवशी हळदीकुंकवाला काय बोललास?"

"एक ते तीस आकडे."

आई पुढचे दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दादा स्वतःच पुस्तक आणि वही घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसला. आता आम्ही 'हो' दाबत होतो, त्यामुळे निदान रोज म्हाताऱ्यापासून सुरुवात करता येई. अक्षरं शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. गेममध्ये बरीचशी अक्षरं सोपी होती, लहान मुलांना वाचता यावीत अशी, तरी 'रु' आणि 'रो' यांच्यात आमची रोज भांडणं व्हायची. अखेर एक शब्द लागला, 'शिता'. पुस्तकात तो शरीराच्या अवयवांत होता. शिता म्हणजे जीभ. दुसरा शब्द, विचार.

"जिभेला विचार?" मी म्हणाले. "ही काय भाषा आहे?"

"थांब. यानातल्या गोदामात तो लांब जिभेचा प्राणी नाहीये का?"

होता. त्या प्राण्याजवळ गेलं की तो जिभेच्या एका फटक्यात आम्हाला संपवायचा. आम्ही चार दिवस त्याच्याकडे जाऊन मेलो. औषधं साठवून गेलो, मेलो. दुसरं शस्त्र घेऊन गेलो, मेलो. पाचव्या दिवशी ऐन फटक्याच्या वेळी वीज गेली, तेव्हा मी अंधाऱ्या टीव्हीकडे बघून मोठ्याने रडले. वीस वर्षांची घोडी, पाय प्लास्टरमध्ये, आणि रडणं कसलं तर जिभेचं.

त्याच सुमारास दादाच्या कारखान्यात नवीन मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आला होता. पंधरा दिवस दादा त्याला टाळत होता. तो इंजिनिअर समोरून आला की दादा स्टोअरमध्ये शिरायचा. माझ्या रडण्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याने वहीतलं ते पान फाडून खिशात घातलं.

संध्याकाळी घरात शिरला तो हसतच.

"मी कॅन्टीनमध्ये त्याच्यापुढे कागद ठेवला. त्याने वाचला, माझ्याकडे बघितलं आणि असा हसला, असा हसला की खुर्चीला धरून बसला. मग बोटाने जमीन दाखवली."

"म्हणजे?"

"शिता म्हणजे खाली. जीभ पण आणि खाली पण. म्हातारा म्हणतोय, मला माहीत नाही, खालच्या माणसाला विचार."

तीन आठवडे! जिना त्या म्हाताऱ्याच्या शेजारीच होता. मी एकदाही खाली उतरले नव्हते, कारण दादाने सांगितलं होतं, सांभाळून जा, आणि तो इशारा मी त्या जिन्याबद्दलचाच समजले होते.

आम्ही खाली उतरलो. यंत्रांच्या मधोमध एक बाई बसली होती. तिने बोलायला सुरुवात केली आणि ती थांबेचना. मी मोजल्या, सतरा चौकटी. शेवटी तिने प्रश्न विचारला, हो की नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दादा म्हणाला, "आज नको. उद्या सगळं उतरवून घेऊ आणि त्यालाच विचारू." मला वाटतं, त्याला ते विचारायला जायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकटी उतरवायला बसले. घाईत होते, तीन आठवडे वाया गेल्याच्या रागातही होते. ट्रान्सफॉर्मरची वायर कॉटच्या पायात अडकली होती आणि प्लास्टरच्या पायाने मला वाकता येईना. मी यंत्राची पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली. फट्‌ आवाज झाला. जळक्या वासाने आई स्वयंपाकघरातून धावत आली.

महात्मा गांधी रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून पाहिलं आणि झाकण पुन्हा बसवलं. "याचे पार्ट आपल्याकडे येत नाहीत ताई."

 घराच्या फाटकाशी गाडी लावताना दादा म्हणाला, "निदान मी येईपर्यंत थांबायचं होतंस." मी म्हणाले, "निदान खरा अर्थ सांगायचा होतास." आम्ही दोघंही तेव्हा खरंच रागात होतो, आणि ते रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं.

महिन्याभराने कॉलेज रोडला जपानीचा रविवारचा क्लास सुरू झाला. दादाने नाव घातलं. त्या इंजिनिअरबरोबर तो आता रोज जेवायचा, निम्मं हातवाऱ्यांनी, निम्मं पुस्तक बघून. माझं प्लास्टर निघालं होतं. "तूही चल," तो म्हणाला, "अर्धी अक्षरं तुला येतातच." मी गेले नाही. त्या बाईने सतरा चौकटींत काय सांगितलं आणि शेवटी काय विचारलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि त्या भाषेवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही.