रुखवतातलं शिंपल्यांचं तोरण

ताईच्या रुखवतात आईने शिंपल्यांचं तोरण मांडलं, तेव्हा मावशी म्हणालीच, "नाशिकच्या लग्नात समुद्राचं काय काम?" पण आईपुढे कुणाचं चालतंय!

आमचा समुद्र म्हणजे डहाणू. मे महिन्यात जव्हारमार्गे एसटीने जायचो. बाबा सुरूच्या सावलीत पेपर वाचत बसायचे आणि आम्ही दोघी बहिणी आईबरोबर ओहोटीच्या वाळूत शिंपले वेचायचो. आई फक्त भोकाचे उचलायची. इतकं गोल, गुळगुळीत भोक की सोनाराने पाडलंय असं वाटावं. "देवाने आयतीच सोय केलीय ओवायची," ती म्हणायची. पाय भाजायचे, तरी परतावंसं वाटायचं नाही. त्या दुपारींसाठी जीव अजून तुटतो.

तर, लग्नात नवरदेवाची आत्या रुखवत बघायला आली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, गप्प कशी बसणार! तिने चष्मा वर केला.

"विहीणबाई, ही भोकं समुद्री गोगलगायीची बरं का. शिंपल्याला मिठी मारते, जिभेने कवच पोखरते आणि आतला जीव खाऊन टाकते." मग तोरणाच्या मधोमध आईने हौसेने दोरा गुंडाळून बांधलेल्या वाटोळ्या, चकचकीत शंखावर बोट ठेवून म्हणाली, "हीच ती!"

जमलेल्या बायका वाकून वाकून भोकं बघू लागल्या. ताई मात्र शालू सावरत म्हणाली, "तिचं पोट भरलं आत्या, माझं तोरण झालं." सगळ्या खो खो हसल्या. आईही हसली, पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला.

पाठवणीच्या वेळी रुखवताच्या सामानात तोरण नव्हतं. घरी येऊन बघते तर आमच्याच दाराला लटकलेलं.

ताईचा संसार गंगापूर रोडला मजेत चाललाय. दर दिवाळीला ती तोरण मागते, आई काहीतरी सबब सांगते. यंदा मी चिडलेच. म्हटलं, "अगं, समुद्रात कुणी कुणाला खाल्लं, त्याचा ताईच्या घराशी काय संबंध? असं काही नसतं."

"नसेलच," आई दाराची धूळ पुसत म्हणाली. "पण असलंच, तर माझ्या दारात असू दे."