बंद आकाशाखालचा ड्रोनवाला

अकोल्यातला हा ड्रोनवाला मला लग्नांत भेटतो, सभांतही. उडवण्याआधी तो कपाळावर हात धरून वर घारी आहेत का पाहतो. कोणी घाई केली की आणखी हळू बोलतो.

मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी त्या दिवशी शहरात ड्रोन उडवायला बंदी होती. सभेचा आयोजक त्याच्यावर खेकसला, “उडव ना बे. साहेबाचीच सभा हाय. गर्दी वरून दिसली पाह्यजे, नाही तं पुढचं काम विसर.”

“साहेबासाठीच तं बंद हाय, भाऊ.” त्याने बॅटरी काढून खिशात टाकली आणि पोलिसांना विचारून, कॅमेरा घेऊन तो पाण्याच्या टाकीवर चढला.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरच्या पहिल्या पानावर त्या गर्दीचा वरून काढलेला फोटो पाहून आयोजक त्याला म्हणाला, “उडवलाच ना शेवटी?”

“नाही भाऊ. मीच वर गेलतो.”