हातावरचं दही

जेवणानंतर जरा लवंडावं म्हणून खासदार वत्सलाताई जगदाळे दिल्लीतल्या आपल्या सरकारी फ्लॅटमधल्या सोफ्यावर आडव्या होतात, पण डोळा लागत नाही. लागणार कसा? दुपारच्या सत्रात मतदान आहे. आफ्रिकेतल्या एका देशावर दुष्काळ आणि यादवी एकदमच कोसळलीय. धान्याचे ट्रक लुटले जातायत, दवाखाने पेटतायत. त्यांच्या राखणीला आपलं सैन्य पाठवायचं की नाही, ते सभागृहानं ठरवायचंय. पक्षानं या वेळी व्हिप काढलेला नाही, ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं म्हणे. एरवी व्हिपच्या नावानं बोटं मोडणाऱ्या ताईंना आज तो हवाहवासा वाटतोय.

कारण त्यांचा थोरला भाऊ, सुभेदार हैबतराव, अशाच एका मोहिमेवर गेला आणि तिरंग्यात गुंडाळून परत आला. 'होय' म्हटलं तर कुणाचा तरी भाऊ आपण धाडला; 'नाही' म्हटलं तर तिथली माणसं आपण वाऱ्यावर सोडली. इकडे आड, तिकडे विहीर. स्वयंपाकघरात वहिनी भांडी लावतेय. हैबतरावांच्या मागे ती ताईंच्याच सोबतीला असते. भांड्यांचा आवाज हळूहळू मऊ होत जातो.

"वच्छे, सरक की जरा."

ताई सरकतात. सोफा कुठला, हा तर सभागृहातला बाक आहे. शेजारी दादा बसतो. गणवेश कडक इस्त्रीचा, पायात मात्र घरातल्या वहाणा.

"दादा, तू आत कसा आलास? पास लागतो इथं."

"मला कोण अडिवतंय आता?"

ताईंना हसू येतं आणि त्या हसण्यातच रडू फुटतं. इतकी वर्षं दादा स्वप्नात यायचा तो पाठमोरा. आज तोंड दिसतंय. त्या त्याचा गाल चाचपून बघतात. दाढीचे खुंट टोचतात.

"लई सोसलंस का रे?"

"न्हाई गं. कळायच्या आत आटपलं."

पायाखालचं हिरवं जाजम आता लाल माती झालंय. बाकांच्या जागी ट्रक उभे आहेत आणि एक बाई सुपानं जोंधळा पाखडतेय.

"तिकडंबी जोंधळाच खात्यात," दादा सांगतो. "पोतं फुटलं की आपल्या खळ्याचा वास यायचा. म्या एकदा भाकरी थापून दावली, तर बाया पोट धरून हसल्या."

"म्हणजे तुला पाठवलं ते बरोबर होतं?"

"त्या बायांस्नी इचार. माझ्यामागनं शेवटचा ट्रकबी पोचला."

हे ताईंना आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. ट्रक पोचला होता तर! त्यांचा श्वास मोकळा होतो.

तेवढ्यात वरून अध्यक्षांचा आवाज येतो, "प्रस्तावाच्या बाजूनं असतील त्यांनी होय म्हणावं." ताईंसमोर माहेरचा ओटा आहे, ओट्यावर दह्याचं पातेलं, आणि पलीकडे पोरांची रांग. सगळी गणवेशातली. निघताना घरची बाई हातावर दही घालते ना, त्यासाठी प्रत्येकानं उजवा हात पुढे केलाय. चमचा ताईंच्या हातात आहे.

"मला नाही जमायचं, दादा. वहिनीनं तुझ्या हातावर दही घातलं आणि तू आला नाहीस. तेव्हापासून तिनं कुणाला म्हणून दही दिलं नाही. लेकाच्या परीक्षेलासुद्धा नाही."

"दह्यानं गोळी थांबती व्हय?" दादा डाफरतो, पण मायेनं. "दही देणाऱ्यानं वाट बघायची असती. तिनं बघितली. त्या जिवावर मी तिथं गाढ झोपायचो. तुम्ही धाडताना बाकं वाजवता. मागनं पोरांस्नी रसद पोचली का, ती परत कधी येणार, कोण इचारतंय? तू इचार. दर अधिवेशनाला उठून इचार. आन् मग खुशाल होय म्हण."

तो चमचा घेतो आणि ताईंच्याच तळहातावर दही घालतो. गार लागतं.

"आन् तिला सांग, दही ग्वाड लागलं व्हतं. जरा आंबट झालं व्हतं, पर ग्वाड लागलं."

"वन्सं, उठा. गाडी आलीय."

ताई उठून बसतात. लख्ख ऊन आहे. छातीवरची धोंड कुणीतरी उचलून नेल्यासारखं हलकं वाटतंय. होय म्हणायचं, आणि मग उठून विचारत राहायचं. हे त्यांचं ठरलंय.

वहिनीच्या हातात पातेलं आहे. "संध्याकाळच्या कढीचं दही. मधोमध कुणी उकरलं?"

ताई मूठ उघडतात. तळहाताच्या रेषांत दही आहे, अजून ओलं.

"दादा आला होता, वहिनी. म्हणाला, तिला सांग, दही गोड लागलं होतं. जरा आंबट झालं होतं, पण गोड लागलं."

वहिनी सोफ्यावर टेकते. तो तळहात जवळ ओढून बघते.

"आंबलंच होतं त्या दिवशी," ती म्हणते. "घाईत तेच घातलं. मी कुणाला बोलले नव्हते, वन्सं." मग पदरानं डोळे पुसते आणि हसते. ताईंनी तिला असं हसताना पाहून कैक वर्षं झाली.

ताई तळहात ओठांना लावतात. थेंबही सांडू देत नाहीत.

"येते, वहिनी."

"या," दारापर्यंत येत वहिनी म्हणते. "वाट बघते."