बसलेला घसा

हरलेल्या सामन्याची चव घशात राहते. जिभेवर नव्हे, मनातही नव्हे, अगदी घशात. पडजिभेच्या मागे कोणी कुसळे पेरून ठेवल्यासारखी. सोमवारी सकाळी उठून मी बायकोकडे चहा मागायला तोंड उघडले, तर आतून नुसता वारा आला. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमधाची काडी चघळून झाली, हळदीचे दूध झाले. गेलेला आवाज काही परतला नाही. जिंकल्यावरही घसा बसतो, नाही असे नाही. पण त्या बसलेल्या घशाचा काय तो दिमाख! माणूस खुणांनी बोलतो आणि त्या खुणांतूनही विजयच सांगतो. पराभवानंतरचा बसलेला घसा मात्र चोरीच्या जागी राहून गेलेल्या चपलेसारखा असतो. ती कोणाची, हे आज ना उद्या कोणीतरी विचारतेच.

माझ्या आवाजाची थोडी ओळख करून द्यायला हवी. विधात्याने मला उंची दिली नाही, रूप दिले नाही. आवाज देताना मात्र त्याचा हात सैल सुटला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी कारकून आहे. गाळपाच्या हंगामात उसाने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर आवारात रांगा लावून उभे असतात. मळीचा आंबूस-गोड वास, उसाचा रस काढून उरलेल्या बगॅसचा उडता भुसा आणि इंजिनांची घरघर यांच्यावरून माझी हाक शेवटच्या ट्रॉलीपर्यंत पोचते. कर्णा आहे, पण तो निम्मा हंगाम आजारी असतो. कधी एखाद्याचा ट्रॅक्टर काट्याच्या लोखंडी पाट्यावरून पुढे सरकतो. तेव्हा मी एकच शब्द उच्चारतो, ‘मागं!’ चालकाच्या पाठीमागे उसाचा डोंगर. त्याला मागचे काहीएक दिसत नाही. तरी तो मान न वळवता, केवळ त्या शब्दावर भिस्त ठेवून गाडी मागे घेतो. एवढा विश्वास माणूस दुसऱ्या कशावर ठेवत असेल? देवावरसुद्धा ठेवताना तो एक डोळा किलकिला उघडा ठेवतो!

आमच्या सणसरच्या कबड्डी संघाचा मुख्य चढाईपटू किरण हा याच रांगेतला एक चालक. तेवीस-चोवीस वर्षांचा, शिडशिडीत, बोलण्यात कंजूष. सहा हंगाम तो माझ्या हाकेवर गाडी पुढेमागे करतो आहे. मला अप्पा म्हणतो, आणि बहुधा तेवढेच म्हणतो.

रविवारी संध्याकाळी बारामतीच्या मैदानावर निमगावच्या संघाने आम्हांला एका गुणाने हरवले. एका गुणाने! दहा गुणांनी हरलेला माणूस जेवून झोपतो; एका गुणाने हरलेला रात्रभर पुन्हा पुन्हा तीच चढाई करत राहतो.

आणि अशा पराभवाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पंचनामा असतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर, काट्यापासून पन्नास पावलांवर मारुतीचे चहाचे खोपटे आहे. तिथे रांगेतले शेतकरी, चालक आणि दुसऱ्या पाळीची वाट पाहणारे आम्ही कामगार असे जमतो आणि डाव्या कोपऱ्याच्या गड्यापासून सुरुवात करून एकेक खेळाडू तपासला जातो. अध्यक्षस्थानी तात्या. त्यांनी तरुणपणी मातीत कबड्डी खेळली, दोन दात त्याच मातीत ठेवले, आणि तेव्हापासून पुढच्या सगळ्या पिढ्यांना नापास करण्याचा अधिकार मिळवला. शेवटचा शब्द मात्र माझा असतो. का? मी सर्वांत शहाणा म्हणून नव्हे. माझा आवाज सर्वांत मोठा म्हणून. जगातले पुष्कळसे शेवटचे शब्द याच पात्रतेवर दिले जात असावेत.

त्या दिवशी तात्यांची जीभ विळ्यासारखी चालत होती. “डाव्या कोपऱ्यानं सामन्याआधी दोन प्लेट मिसळ हाणली व्हती. त्यो वाकंल कसा? पोट मधी येतंय!” मधल्या गड्याबद्दल म्हणाले, “त्याला पट काढाया सांगितला, तर त्यो निमगाववाल्याचं पाय चेपत बसला.” कर्णधाराने विश्रांतीची वेळ मागून घेतली नव्हती. “लोणचं घालाया ठिवली व्हय रं ती?” लोक खो खो हसत होते. उजव्या कोपऱ्याला तेवढा न्याय मिळाला. एकट्याने चार पकडी केल्या, म्हणून तात्यांनी त्याच्या नावाने चहाचा एक घोट जास्त घेतला. ही चेष्टा वरवरची असते, तिच्या खाली दुःख असते. ज्यांनी आपल्याला जिंकवायचे होते त्यांच्यावर रागावणे हाही जिव्हाळ्याचाच एक ओबडधोबड प्रकार नव्हे काय? पण जिव्हाळा रागावला की त्याचा हात जड पडतो, हेही खरेच.

तो किती जड पडतो, याचे उदाहरण आमच्यासमोर चहा गाळत उभे होते. हा मारुती एके काळी संघाचा कोपरारक्षक. बारा वर्षांपूर्वी एका अंतिम सामन्यात त्याच्या हातून चढाईपटूचा घोटा निसटला. दुसऱ्या दिवशी असाच पंचनामा झाला आणि कोणीतरी हसत हसत त्याला ‘निसट्या’ म्हटले. त्याच्या लग्नात मंगलाष्टकांनंतर मित्रांनी त्याच नावाने आरोळी दिली. आज त्याची मुलगी चौथीत आहे. शाळेत तिला निसट्याची पोर म्हणतात. मारुती हसतो. तो नेहमीच हसतो. आणि खरे सांगायचे तर, ते नाव ज्या हाकेने गावभर झाले ती हाक माझी होती.

सहा खेळाडू झाले. खोपट्यातले हसू विरले. राहिला होता किरण, आणि नेमके त्यालाच तिथे यावे लागले होते. खेळाडूंनी पंचनाम्याला यायचे नाही, असा आमचा अलिखित नियम. पण त्याचा ट्रॅक्टर रांगेत खोपट्यासमोरच अडकला होता. मडगार्डला टेकून, हातातल्या उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे करत तो उभा होता. सगळे ऐकू जाईल इतका जवळ, आणि कोणी चहा पुढे करणार नाही इतका दूर.

“शेवटची चढाई,” तात्या म्हणाले. आवाजातली चेष्टा संपली होती. “एका गुनानं मागं. म्होरं तीन गडी. एक टिपला असता, तर बराबरी. दहा-बारा सेकंद हातात. आनि ह्यो काय करतोय? तर त्यो कोपऱ्याचा गडी अंगावर येताच पाठ फिरवून माघारी! कुनाला शिवला न्हाय, काय न्हाय. रिकाम्या हातानं घरी!”

“भ्यालं,” मागून कोणीतरी म्हणाले.

“भ्यालं म्हंजी? पळालं! पळपुटं!”

तो शब्द पडला. असेच पडतात ते शब्द, सहज, चहाच्या घोटाबरोबर. एकाने तो पुन्हा उच्चारला, चवीने. तिसऱ्याने उच्चारला की तो जन्माला चिकटतो. मी किरणकडे पाहिले. पाचटाचे तुकडे करणे थांबले होते. पुढच्या रविवारी संघात त्याला घ्यायचे की नाही, हा प्रश्न होताच, कारण कर्णधार पंचनाम्याचा शब्द सहसा मोडत नाही. पण संघ काय, आज गेला तर उद्या मिळेल. नाव मात्र त्याच्या अजून न जन्मलेल्या लेकरांपर्यंत जाणार होते.

आणि मला ठाऊक होते की तो पळाला नव्हता.

मैदानाच्या दोरीला मी छाती लावून उभा होतो. कोपऱ्याचा गडी झेपावला, धूळ उडाली आणि त्या धुळीत मला दिसले, म्हणजे दिसलेसे वाटले, की किरणची बोटे त्याच्या खांद्याला लागली. झाला गुण! आता फक्त मध्यरेषा! आनंदाने माझे भान हरपले आणि बेंबीच्या देठापासून मी ओरडलो, ‘मागं!’ हजार माणसांचा गलका होता. कोणी कोणाचे ऐकत नव्हते. पण किरण जागच्या जागी फिरला. मान न वळवता. पंचांनी रिकामी चढाई जाहीर केली, तेव्हा मला कळले की बोटे लागलीच नव्हती.

“अप्पा, बोला आता तुमी,” तात्या म्हणाले. “शेवटचा शबूद.”

माणसाला भेकड व्हायला किती सोयी असतात, पाहा! मला नुसते गळ्याकडे बोट दाखवायचे होते. घसा बसला आहे, एवढी खूण केली असती तर कोणी आग्रह केला नसता. उलट संघासाठी आवाज घालवला म्हणून माझे कौतुक झाले असते. माझा हात गळ्यापर्यंत गेलाही. तिथे तो थोडा वेळ थांबला. आजवर मी या खोपट्यात शेकडो माणसांचे दोष मोठ्याने सांगितले होते. स्वतःचा एक दोष सांगण्याची वेळ आली, तेव्हा आवाजच नव्हता. समोर मारुती गाळणी धरून उभा होता. तो हसत नव्हता.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. निघाली ती फुसफुस. “काय? काय म्हनत्यात?” लोक पुढे सरकले. मारुतीने गाळणी खाली ठेवली, कान माझ्या तोंडाशी आणला आणि माझे एकेक वाक्य तो मोठ्याने सांगू लागला. “अप्पा म्हनत्यात, चूक त्यांची हाय. अप्पा म्हनत्यात, त्यांनीच वरडून ‘मागं’ म्हनून सांगितलं. काट्यावर सांगत्यात तसं. अप्पा म्हनत्यात, पोरगं त्यांच्या आवाजानं फिरलं.” बारा वर्षे ज्याच्या नावात मी एक चूक कोंबून ठेवली होती, तोच आज माझी चूक स्वतःच्या तोंडाने गावाला सांगत होता, एक अक्षर वाढवत नव्हता, एक गाळत नव्हता. मला त्याच्या डोळ्यांकडे पाहवेना.

मडगार्डपासून आवाज आला.

“मला न्हाय आला कुनाचा आवाज.” किरण जमिनीकडे बघत बोलला. “मीच फिरलो. माझं पाय, माझी चूक. अप्पांना कशापायी मधी घेताय?”

तात्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. “आता ह्यो काय घोळ हाय? दोघंबी आपल्याच अंगावर घ्याया लागल्यात. कुनाचं खरं धरायचं?” मागून पुटपुट सुरू झाली: अप्पा पोराला पाठीशी घालत्यात, पोरगं आपल्या तोंडानं कबूल करतंय की. मी काही बोलावे तर माझा लाऊडस्पीकर झालेला मारुतीही गोंधळून उभा. सत्य सांगूनही ते कोणाला पटत नाही, तेव्हा माणूस किती एकाकी होतो, ते मला त्या क्षणी कळले.

इतक्यात किरणचा नंबर लागला. त्याने ट्रॅक्टर सुरू केला आणि काट्यावर घेतला. मन ठिकाणावर नसावे, पुढची चाके पाट्याच्या बाहेर गेली. घसा बसल्यामुळे मी रजा टाकली होती, माझ्या जागी त्या दिवशी नवा कारकून होता. तो ओरडला, “मागं!” ट्रॅक्टर हलला नाही. “ए, मागं घे!” चांगला खणखणीत आवाज होता पोराचा. किरण ब्रेकवर पाय ठेवून समोर बघत राहिला. मागे रांगेतले भोंगे वाजू लागले. खोपट्यातली माणसे उठून बघू लागली.

मी चालत गेलो. पन्नास पावले, सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन. ट्रॉलीला वळसा घालून मागे काही आडवे नाही ना ते पाहिले. या खेपेस दोनदा पाहिले. मग पुढे येऊन चाकाशी उभा राहिलो आणि उरलासुरला सगळा श्वास गोळा करून म्हणालो, “मागं.” इंजिनाच्या घरघरीत ते मलासुद्धा नीट ऐकू आले नाही.

ट्रॅक्टर मागे आला. किरणने मान वळवली नाही.

मी खोपट्यात परतलो; तिथे सगळ्यांनी ते पाहिले होते. तात्यांनी ग्लास उपडा ठेवला; आमच्याकडे पंचनामा संपल्याची तीच खूण. “पळपुटं म्हनायचं न्हाय कुनी,” ते म्हणाले, “आनि मारुती, तुझंबी त्ये जुनं नाव आजपास्नं बंद. अप्पांचा आवाज परत आला, की त्येच गावाला सांगतील.” मारुती ग्लास विसळू लागला.

संध्याकाळी बायकोने पुन्हा कोमट पाणी, मीठ आणि हळद समोर ठेवले. “अहो, कसा आहे आता घसा?” तिने विचारले. बरा आहे, अशी मी मान हलवली आणि गुळणी करायला अंगणात गेलो. कुसळे अजून तशीच टोचत होती. दोन-तीन दिवसांत हा आवाज परत येईल, पुन्हा शेवटच्या ट्रॉलीपर्यंत पोचेल, आणि एक पोरगे त्यावर मान न वळवता मागे येईल. मी तोंडातले पाणी बराच वेळ धरून ठेवले. इतक्या लवकर बरे व्हायला मला भीती वाटत होती.